प्रिय दुर्गा, ओळख ना पाळख

चौल, ९ डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस आत्याचे आशीर्वाद.

आशीर्वाद आधीच देऊन टाकले, कारण पुढे रागावणार आहे.

काल सकाळी चहा घेऊन पडवीत बसले आणि तू दिलेला तो टॅब उघडला. त्यात एक पत्र. लिहिणाऱ्याचं नाव अनीश, आडनाव नाही. सुरुवात काय, तर ‘प्रिय दुर्गा’. ओळख ना पाळख, आणि प्रिय दुर्गा. माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला असं लिहिलं नाही. रेवदंड्याच्या शाळेत गणित शिकवून म्हातारी झाले, अर्धा तालुका मला बाई म्हणतो, आणि हा मला एकेरीत बोलावतो.

तेही गिळलं असतं. पण पुढे त्यानं विचारलंय, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा का? आणि पाळायचा नसेल, तर त्यातून आपल्याला मोकळं कुणी करायचं? वल्ले, चहा बाजूला ठेवून मी ते पुन्हा वाचलं.

चार वर्षांपूर्वी दवाखान्यात त्या दुपारी खोलीत तिघंच होतो. हे, मी आणि तू. तुला सगळं पाठ आहे, तरी लिहिते, म्हणजे तू काय उघड्यावर टाकलंस ते तुला कळेल. बाळाजीभाऊजी ह्यांचे चुलतभाऊ, घर कुंपणापलीकडे. दोघांच्या वाड्या वेगळ्या, विहीर एक. पाण्याच्या पाळ्या वाडवडिलांपासून ठरलेल्या. भाऊजींनी पंप बसवला, आमच्या पाळीचंही पाणी उपसलं, विहीर मचूळ झाली आणि आमच्या पोफळी उभ्या वाळल्या. ह्यांना ते शेवटपर्यंत पचलं नाही. जाताना माझा हात धरून म्हणाले, “बाळ्याच्या घराची पायरी चढणार नाहीस, शब्द दे.” मी दिला. आणि असा पाळला की गेल्या वर्षी भाऊजी गेले तेव्हाही कुंपणाच्या अलीकडेच उभी राहिले. आत कोकिळावहिनी रडत होती ते ऐकू येत होतं. माझी जाऊ ती, पण लग्न होऊन आले तेव्हापासून मैत्रीण म्हणून तीच.

ही गोष्ट तू त्या अनीशला सांगितलीस. का सांगितलीस एवढंच कळव. जेवत जा वेळेवर.

तुझी
दुर्गाआत्या

—

उरण, ११ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसले, मग पुन्हा घाबरले. मी एक अक्षरही सांगितलेलं नाही. तू कोण ते त्या अनीशला माहीत नाही. मी कोण तेही नाही.

ते तुला एकटीला आलेलं पत्र नव्हे गं. त्याला न्यूजलेटर म्हणतात. एक माणूस लिहितो आणि ज्यांनी आपला ईमेल दिलाय त्या सगळ्यांना ते एकदम जातं. नावाच्या जागी ज्याचं त्याचं नाव मशीन घालतं. तुझं नाव मी परस्पर नोंदवलं आणि घाईत नुसतं ‘दुर्गा’ टाकलं. ‘दुर्गाताई’ टाकायला हवं होतं. ही चूक माझी, बाकी योगायोग.

मला हे सापडलं त्याची गंमत ऐक. ऑफिसात एका कंटेनरचे कागद माझ्याकडे होते. माल अजून समुद्रात, बोट न्हावा शेव्याला लागायची होती, आणि तेवढ्यात तो माल दोनदा विकला गेला. मालक बदलले, माल जागचा हलला नाही. कस्टम्सची सिस्टीम बंद पडली होती, सगळे हातावर हात ठेवून बसलेले. मी सहज फोनवर मराठीत टाकलं, ‘एखादी वस्तू आपली असणं म्हणजे नक्की काय?’ वाटलं, काहीतरी कायद्याचं येईल. आलं ते नगरच्या एका बाईंचं न्यूजलेटर. त्यांनी लिहिलं होतं की आपण वस्तू आपली म्हणतो तेव्हा त्या वस्तूत काहीच बदलत नाही, बदलतात ती भोवतालची माणसं. मी वाचत राहिले. सिस्टीम सुरू होऊन सगळे कामाला लागले तरी मला पत्ता नाही.

त्या बाईंनी खाली आणखी दोघांची नावं दिली होती, त्या दोघांनी आणखी कुणाकुणाची. आत्या, ही केवढी माणसं आहेत. एक जण फक्त काळाबद्दल लिहितो. एक डॉक्टर वेदनेबद्दल. एक मुलगी विदर्भातून गाईम्हशींना मन असतं का, यावर वर्षभर लिहितेय आणि तिचं अजून संपलेलं नाही. कुणाच्या पाठीशी विद्यापीठ नाही की मासिक नाही. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि रविवारी हे. वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. आम्ही इथे बोटी भरभरून माल पाठवतो, त्याचं वजन होतं, त्यावर कर लागतो. ही माणसं घरात बसून विचार पाठवतायत, आणि त्यांना कुठल्याच बंदरावर कुणी अडवत नाही.

तुला नको असेल तर नाव काढून टाकते.

तुझी
वल्लरी

—

चौल, १६ डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस आशीर्वाद.

नाव काढू नकोस. रागावले ते परत घेते.

न्यूजलेटर म्हणे. ह्यात न्यूज कुठे आहे? पण असो. त्या अनीशची मागची सगळी पत्रं वाचून काढली. मग तुझ्या नगरच्या बाईंची. मग त्या गाईम्हशींवाल्या मुलीची. वाडीत सुपाऱ्या सोलायच्या राहिल्यात, कामाला येणारी वेणूबाई माझ्याकडे बघून कपाळाला हात लावते. मला वाटायचं, तत्त्वज्ञान म्हणजे जाड पुस्तकं, ती कपाटात आणि कपाटाला कुलूप. हा मुलगा दर पत्रात बिनदिक्कत लिहितो, ‘मला अजून कळलेलं नाही.’ वर्गात कुणी असं म्हटलं तर मी उभं करत असे.

आणि तुला एक सांगू? चार वर्षं मला वाटत होतं की हा गुंता माझ्या एकटीचा आहे. चौलातल्या एका घरातली एका विहिरीवरची भांडणं, ती बाहेर सांगायचीही लाज. आणि कुठला कोण मुलगा, मला ओळखत नाही, त्यानं माझ्या मनातलं माझ्यापेक्षा नीट मांडलंय. तो म्हणतो, एक बाजू अशी की मेलेल्याला आता काही लागत नाही, दुखत नाही, तेव्हा शब्द संपला. दुसरी बाजू अशी की शब्दातून सोडवायचा अधिकार ज्याला दिला त्याचाच असतो, आणि तो तर चावी घेऊन गेला. मी ती ओळ वाचून टॅब खाली ठेवला आणि वाडीत एक फेरी मारून आले. तो मला ओळखत असता तर राग आला असता. ओळखत नाही म्हणून मी थक्क झाले. हा प्रश्न माझ्या विहिरीत वरून पडलेला नाही, तो खालच्या झऱ्यातून सगळ्यांच्याच विहिरींत येतो आहे.

मग मी त्याला उत्तर लिहिलं. शेजारून भांडं आलं की ते रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. इतकं आयतं वाचलं, काहीतरी घालून परत करायला नको?

भांड्यावरून आठवलं, तुला एक सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या आधी एक दिवस विहिरीच्या कठड्यावर स्टीलचा डबा होता. झाकणावर कोकिळावहिनीचं नाव कोरलेलं. आत वालाचं बिरडं. तिच्या हातच्या बिरड्यासाठी मी काय करत असे ते तुला माहीत आहे. मी ते खाल्लं, वल्ले. उभ्याउभ्याच खाल्लं. डबा घासून फडताळात ठेवला, तो अजून तिथेच आहे. रिकामा परत करता येत नाही आणि भरून न्यायचा तर पायरी आडवी येते. तू म्हणशील, भरून कठड्यावर ठेवायचा. ती चोरवाट झाली. शब्द मोडायचाही आणि पाळल्याचा आवही आणायचा. उत्तर बरोबर आणि रीत खोटी असली की मी शून्य देत असे.

काल वेणूबाई झाडता झाडता म्हणाली, “बाय, कोकिलाबाय चालल्या पोराकडं बडोद्याला. कायमच्या. संक्रांत झाली का निघनार. तुमाला ठाव न्हाय व्हय?”

मला ठाव नव्हतं.

तुझी
आत्या

—

उरण, २० डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

मग जा ना. अजून काय वाचायचं राहिलंय?

मी तुझ्यासारखी गणितवाली नाही, पण मला एवढं दिसतं की संक्रांतीनंतर त्या घराला कुलूप लागणार. मग तू कुणाची पायरी चढणार नाहीस? शब्द पाळायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं.

रागावू नकोस. मला वाटलं होतं, ही पत्रं वाचून तू मोकळी होशील. तू तर ती वाचून आणखीच बांधून घेतेयस असं वाटायला लागलंय.

वल्लरी

—

नाशिक, २३ डिसेंबर २०२४

आदरणीय दुर्गाताई,

सर्वप्रथम एकेरी नावाबद्दल क्षमा. ती माझ्या मशीनची शिस्त आहे. यापुढे ताई म्हणेन.

तुमचं उत्तर मी एका बैठकीत वाचलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी विमा कंपनीत काम करतो, रविवारी हे लिहितो. वाचणारे बरेच आहेत, पण पाठवलेलं पोचतं की नाही हे कळायला मार्ग नसतो. भांडं भरून परत आलं ते तुमच्याकडूनच.

तुम्ही लिहिलंत, ‘शब्द पाळणं आणि घाबरून बसणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. आतून मला वेगळं सांगता यायला हवं होतं, पण मलाही सांगता येत नाही.’ ताई, मी इतकी पानं लिहिली आणि हा प्रश्न माझ्या लक्षातच आला नव्हता.

माझ्याकडे उत्तर आहे का, असं तुम्ही विचारलंत. नाही. मीही वडिलांना दिलेला एक शब्द घेऊन बसलो आहे, म्हणून तर तो लेख लिहिला. तुमची हरकत नसेल तर तुमचं पत्र पुढच्या अंकात छापू का? नाव आणि गाव देणार नाही.

आपला नम्र
अनीश

—

चौल, ३० डिसेंबर २०२४

चि. वल्लरीस आशीर्वाद.

तू मला बोललीस ते लागलं. लागायलाच हवं होतं, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही.

अनीशचं पत्र तुला पुढे पाठवलंय. छाप म्हटलं त्याला. कालच्या अंकात आलंसुद्धा. गाव नाही, नाव नाही, नुसतं ‘एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र’. माझीच वाक्यं, पण चारचौघांत जाऊन आल्यासारखी वाटली. खाली लोकांनी लिहिलंय. परभणीच्या एका बाईंनी मेलेल्या सासूला शब्द दिलाय की घरातलं एक झाड तोडणार नाही, आणि झाड आता भिंत पाडायला निघालंय. कुणा म्हाताऱ्या गृहस्थांनी मित्राला शब्द दिला होता, तो मोडला आणि वीस वर्षं बरं वाटलेलं नाही. दुसऱ्या कुणी मोडला आणि दुसऱ्या दिवशी छान झोप लागली. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं, सगळी एकाच प्रश्नाभोवती बसलेली. मला वाचता वाचता रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. इतकं मोठं काहीतरी जगात रोज चाललेलं असतं आणि मी पडवीत बसून सुपाऱ्या मोजत होते.

आता तुझ्या प्रश्नाचं. काल संध्याकाळी विहिरीवर गेले. पलीकडच्या आवारात पोपटी लावली होती, शेंगांच्या मडक्याभोवती जळणाऱ्या पाल्याचा वास इकडेपर्यंत येत होता. वहिनी कठड्याच्या त्या बाजूला उभी. वाळलीय फार. बाळाजीभाऊजींचा पंप कधीचा बंद आहे, गंजलाय. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. विहीर काही पायरी नव्हे, मी बोलू शकले असते. तीही बोलू शकली असती. दोघी पाण्यात बघत राहिलो आणि मग आपापल्या घरी गेलो.

ती का बोलली नाही ते कळत नाही. मला वाटतं, भाऊजी गेले तेव्हा मी गेले नाही, ते तिनं मनात धरलंय. कुणीही धरील. आता गेले तरी कुठल्या तोंडानं जाऊ?

आत्या

—

उरण, ७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

डिसेंबरात तू मला ज्यासाठी रागावली होतीस ते मी तेव्हा केलं नव्हतं. आता केलंय.

तुझं छापलेलं पत्र मी कोकिळाकाकूंना फोनवर पाठवलं. तुझं आहे असं लिहिलं नाही. नुसतं लिहिलं, ‘काकू, वेळ मिळाला की वाचा.’ पण त्यात विहीर आहे, पोफळी आहेत, पायरी आहे. काकू काही दुधखुळ्या नाहीत.

त्यांनी उत्तरात फक्त अंगठा पाठवला. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही. आवडलं, की वाचलं, की पुरे? तीन दिवस मी तो अंगठा बघतेय.

तुला विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. काय बोलायचं ते बोल.

वल्लरी

—

चौल, १६ जानेवारी २०२५

चि. वल्लरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आठवडाभर गप्प बसले ते मुद्दामच. तुला थोडं तळमळू दे म्हटलं. आता सगळं सांगते.

संक्रांतीला सकाळी तिळाच्या वड्या केल्या. फडताळातला डबा काढला, वड्या भरल्या, झाकण लावलं. वेणूबाईनं विचारलं, “कुनाकडं चाललाव बाय?” मी म्हटलं, कोकिळावहिनीकडे. ती झाडू हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

कुंपणाला वळसा घालून पुढच्या रस्त्यानं गेले. चोरवाट नको होती. त्यांच्या पायरीशी उभी राहिले. सगळी पत्रं आठवली. मेलेल्याला दुखत नाही म्हणणारे, झाडवाल्या बाई, झोप लागलेला माणूस. त्यातलं एकही कारण मला ती पायरी चढवायला पुरेना. कारण माझं मन म्हणत होतं की शब्द खरा होता, अजूनही खरा आहे. मग मी वर बघितलं आणि ह्यांना म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, “अहो, मी तुम्हाला दिलेला शब्द मोडतेय. तुम्ही नाही आहात म्हणून नव्हे. तुम्ही आहात, ऐकताय, रागावणार आहात, असं धरून मोडतेय.” आणि चढले.

वहिनी दारातच उभी होती. सगळं ऐकलं तिनं. मी डबा पुढे केला. तिनं तो घेतला नाही, माझं मनगटच धरलं आणि म्हणाली, “दुर्गे, चार वर्षांपूर्वीच ह्यांनी माझ्याकडूनही शब्द घेतला होता गं. तुझी पायरी चढणार नाही, असा.”

मी तिथेच ओसरीवर बसले.

ती म्हणाली, “म्हणून तर बिरडं कठड्यावर ठेवलं. मला तिथपर्यंतच येता येत होतं. तू डबा परत केला नाहीस, मला वाटलं तुला राग आहे. त्या संध्याकाळी विहिरीवर बोलायला तोंड उघडलं आणि म्हटलं, हिला राग असला तर? वल्लरीनं पाठवलं ते वाचलं तेव्हा कळलं. वाचून रडले, चष्मा भिजला, काय लिहायचं सुचेना, म्हणून अंगठा दाबला.”

तेव्हा तुझा जीव आता भांड्यात पडू दे.

मला त्या क्षणी कसं वाटलं ते तुला सांगायचा प्रयत्न करते. एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोन बायका, तोच शब्द, तीच भीती, तोच समज की दुसरीला राग आहे. चार वर्षं. आणि ते कुंपण ओलांडायला नाशिकहून एक विमेवाला मुलगा लागला, ज्याला कोकिळा कोण, दुर्गा कोण, चौल कुठे, काही माहीत नाही. तो आपला रविवारी बसला आणि त्यानं एक प्रश्न सोडून दिला. मी गणित शिकवलं, मला मोठ्या संख्यांचं कधी काही वाटलं नाही. ह्या गोष्टीपुढे मात्र मी लहान झाले, आणि लहान व्हायला मला फार बरं वाटलं.

दुपारपर्यंत बसलो. उठताना तिनं विहिरीचं पाणी प्यायला दिलं. गोडं आहे. दोन्हीकडचे उपसणारे गेल्यावर विहीर आपली आपण सुधारली होती आणि आम्हा दोघींपैकी एकीनंच चाखून बघितली होती.

काल ती माझ्याकडे आली. रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला आणि पुढे बडोद्याला, असं तिचं ठरलंय, मुलगा न्यायला यायचाय. सामान बांधायचं सोडून आली. माझ्या पायरीशी थांबली. वर बघून म्हणाली, “अहो, मी पण.” एवढंच. आणि चढली. हातात तोच डबा, आत बिरडं. जाताना डबा इथेच ठेवून गेली. म्हणाली, “रिकामा परत करायचा नाही. बडोद्याला आणून दे.” म्हणजे मला आता बडोद्याला जावं लागणार.

तिचं नाव अनीशच्या यादीत घाल. ‘कोकिळाताई’ असं पूर्ण घाल. पहिल्याच पत्रात ‘प्रिय कोकिळा’ आलं तर ती तिथून मला शिव्या घालील. रविवारी ते तिलाही येईल आणि मलाही, मग मी तिला फोन करीन.

एक मात्र राहिलंय. हे आणि भाऊजी वर आहेत असं धरूनच आम्ही दोघींनी शब्द मोडले. म्हणजे ते आता आमच्यावर रागावून बसलेले असतील. पण रागवायला का होईना, एकमेकांशी बोलले तर असतील ना? हा प्रश्न मी सकाळीच अनीशला पाठवलाय.

तुझी
दुर्गाआत्या